आकडा एकच, पण लिहायचा कुठे?

मोबाईलसाठी ॲप बनवायला शिकणाऱ्या मुलामुलींचं हल्ली एक ठरलेलं चाललंय. पहिल्या आठवड्यात बटणं, रंग, चित्रं, याद्या सगळं झटपट जमतं. दुसऱ्या आठवड्यात 'स्टेट मॅनेजमेंट' नावाचा धडा येतो आणि उत्साहाने उघडलेली वही तिथेच मिटते. त्या धड्याच्या दारातच पाच-सहा पाट्या टांगलेल्या असतात. प्रोव्हायडर, रिव्हरपॉड, ब्लॉक, गेटएक्स, रेडक्स... आणि यातलं चांगलं कोणतं यावर जाणती मंडळी हिरिरीने भांडत असतात. ज्याला अजून प्रश्नच कळला नाही त्याला उत्तरांच्या दुकानात नेऊन उभं करायचं, असा हा प्रकार आहे.

माझं मत सरळ आहे. नवशिक्याने पहिले दोन-तीन महिने यातलं काहीही घेऊ नये. भाषेबरोबर जे साधं साधन मिळतं तेवढ्यावर काम करावं आणि एकच गोष्ट पक्की करावी: कुठली माहिती कुठे राहते.

तुम्ही म्हणाल, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या आणि जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईने या भानगडीत पडावं कशाला? तर धाकटी नात संगणकाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेलं वर्षभर ती फ्लटर शिकतेय, तेव्हा शेजारी बसून मीही शिकतेय. डार्ट ही भाषा मला आता वाचता येते, थोडीफार लिहिताही येते. शिवाय शिकवण्याचा क्रम चुकला की ते मला लगेच कळतं. बत्तीस वर्षं दुसरं केलं काय?

आधी शब्दाचं बघू. स्टेट म्हणजे इथे राज्य नव्हे, स्थिती. ॲप चालू असताना त्याला जे जे लक्षात ठेवावं लागतं ते सगळं म्हणजे स्थिती. कोणता टॅब उघडा आहे, चौकटीत काय टाइप केलंय, यादीत किती नावं आहेत, कुणाचे पैसे आले. पडद्यावर दिसतं ते या स्थितीचं चित्र. स्थिती बदलली की चित्र नव्याने काढायचं. फ्लटर, रिॲक्ट, आयफोनसाठीचं स्विफ्टयूआय, अँड्रॉइडचं जेटपॅक कंपोझ, ही सगळी साधनं याच तत्त्वावर उभी आहेत.

फ्लटरमध्ये नवीन काम सुरू केलं की एक छोटं ॲप आयतंच मिळतं. मध्ये एक आकडा आणि खाली कोपऱ्यात अधिकचं बटण. बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो. अनेक शिकवणारे 'हे पोरखेळ आहे, पुसून टाका' म्हणून पुढे जातात. मला तर तो अख्खा धडा वाटतो. त्यात आकडा वाढवणारी ओळ सेटस्टेटच्या कंसात लिहिलेली असते. सेटस्टेट काढून ती ओळ नुसतीच ठेवून बघा. बटण दहा वेळा दाबा, पडद्यावर शून्य ते शून्यच. पण आत आकडा १० झालेला असतो! मग कुठेतरी एखादा रंग बदलून हॉट रीलोड केलं की पडदा नव्याने रंगतो आणि अचानक १० दिसतात. पडद्यावरचं चित्र आणि आतली स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून सोपं करून कुणी सांगू शकेल असं मला वाटत नाही. हे ज्याला स्वतःच्या हाताने दिसलं, त्याला पुढचं निम्मं सोपं जातं.

आता खऱ्या कामाकडे येते. नातीने पहिलं उपयोगाचं ॲप केलं ते आमच्या गल्लीतल्या महिला बचत गटासाठी. बारा बायका, दर महिन्याला प्रत्येकी २०० रुपये. ॲपला तीन पडदे. पहिल्यावर मोठ्या अक्षरात 'एकूण जमा', दुसऱ्यावर सभासदांची यादी, तिसऱ्यावर पैशांची नोंद. दिसायला छान झालं होतं.

दुसऱ्याच बैठकीत गडबड झाली. एका बाईंच्या नावावर २०० ऐवजी ५०० पडले होते, ते लगेच दुरुस्त केले. यादीत बरोबर २०० दिसू लागले. पण पहिल्या पडद्यावर एकूण जमा २७००च. यादीतल्या आकड्यांची बेरीज तर २४०० होत होती. अध्यक्षबाईंनी वही समोर ठेवली आणि विचारलं, "अगं, मग हे वरचे तीनशे कुणाचे?" प्रश्न साधाच होता, पण पैशाच्या बाबतीत असा प्रश्न एकदा बैठकीत उठला की बायका एकमेकींकडे बघायला लागतात. बचत गट चालतो तो विश्वासावर. एका चुकीच्या आकड्याने तो डळमळू शकतो.

घरी आल्यावर नातीने मित्रमैत्रिणींना विचारलं. बहुतेकांचं उत्तर एकच, 'अगं, तू ब्लॉक वापर, सगळं सुटेल.' तीन संध्याकाळी खपून तिने ब्लॉक बसवलं. आकडा तरीही चुकतच होता, फक्त आता तो पाच फायलींमधून फिरून चुकत होता. चूक आकडा कुठून कुठे न्यायचा यात नव्हतीच. 'एकूण' म्हणून वेगळा आकडा साठवून ठेवला होता आणि नवी नोंद झाली की त्यात भर पडत होती, पण दुरुस्ती झाली की कुणी वजाबाकी करत नव्हतं. उपाय काय, तर तो साठवलेला आकडाच काढून टाकायचा आणि गरज लागेल तेव्हा यादीवरून बेरीज करायची. एका ओळीचं काम. बारा आकड्यांची बेरीज करायला फोनला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

शाळेत नोकरी केलेल्यांना हे लगेच पटेल. वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहिलेलं असायचं: पट ४२, हजर ३८. खरी हजेरी मात्र हजेरीपत्रकात. अकरा वाजता एखादा मुलगा धापा टाकत आला की हजेरीपत्रकात तो हजर होतो, पण फळ्यावरचे ३८ कुणी पुसलं तरच ३९ होतात. खिचडीचे तांदूळ फळ्यावर बघून मोजले तर एका पोराला कमी पडणार! फळा खोटा बोलतो असं नाही. तो नक्कल आहे आणि नक्कल शिळी होते, एवढंच. जे मोजून काढता येतं ते लिहून ठेवू नये. लिहिलंच, तर मूळ कोणतं आणि नक्कल कोणती हे पक्कं माहीत असावं.

ही अडचण फक्त विद्यार्थ्यांनाच येते असं समजू नका. फेसबुकसारख्या ठिकाणी नामांकित इंजिनिअर असूनही हेच झालं होतं. न वाचलेला एक निरोप आहे असं चिन्ह दिसायचं, उघडून बघावं तर नवीन काहीच नाही. दुरुस्त केलं की काही दिवसांनी ते भूत परत यायचं. न वाचलेल्यांची संख्या आणि निरोप या दोन गोष्टी वेगवेगळ्या मार्गांनी बदलत होत्या. ही कहाणी त्यांनी स्वतःच २०१४ साली जाहीर व्याख्यानात सांगितली आणि त्यावरचा उपाय म्हणून फ्लक्स नावाची पद्धत मांडली. बदल एकाच दिशेने जावा, हे तिचं मुख्य सूत्र. त्याच विचारातून २०१५ मध्ये रेडक्स आलं. म्हणजे ही मोठी साधनं कुणी हौसेखातर केलेली नाहीत. प्रश्न आधी आला, साधन नंतर. आपण मुलांना शिकवताना मात्र नेमकं उलटं करतो.

दुसरी गोष्ट, ती माहिती कुणाकुणाला लागते? माझ्या मते सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं. नोंदीच्या पडद्यावर टाइप करताना अर्धवट झालेला आकडा फक्त त्या पडद्याचा. तो तिथेच राहू द्यावा, सेटस्टेट त्याला पुरेसं आहे. फळ्यावर केलेलं कच्चं गणित जसं तास संपला की पुसतात, तसंच हे. सभासदांची यादी मात्र तिन्ही पडद्यांना लागते. ती एका पडद्याच्या पोटात ठेवली तर बाकीचे दोघे आपापल्या नकला करणार. म्हणून ती एक पायरी वर, तिघांच्या सामाईक वडीलधाऱ्याकडे ठेवायची आणि त्याने ती खाली द्यायची. फ्लटरची स्वतःची माहितीपत्रकंही स्थितीचे असेच दोन भाग करतात, तात्पुरती आणि सगळ्या ॲपची. दोन्हींच्या मधली रेघ पक्की नसते, ॲप वाढलं की ती सरकते. पण वर न्यायचं ते गरजेपुरतंच. घरातली प्रत्येक टाचणी कुणी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवत नाही.

तिसरी गोष्ट, उद्या ती माहिती लागणार आहे का? शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर असतं. मुलाचं नाव, जन्मतारीख तिथे एकदा लिहिली जाते आणि वर्षांनंतर शाळा सोडल्याचा दाखलाही त्यावरूनच निघतो. फोनमध्ये त्याची जागा डेटाबेसची. चालू ॲपच्या स्मृतीतली यादी ही काही कायमची नव्हे. मध्येच फोन आला, दुसरी दोन-चार ॲप उघडली, जागा कमी पडली, की अँड्रॉइड मागे पडलेलं ॲप गुपचूप बंद करून टाकतं. परत आलात तर स्मृतीतलं सगळं गेलेलं. म्हणून पैशांची नोंद झाली की ती आधी एसक्यूलाइटमध्ये उतरवायची. मग खरी वही ती झाली आणि स्मृतीतली यादी तिची नक्कल. तेव्हा आधी वहीत लिहायचं आणि मग वहीतून वाचून पडदा रंगवायचा. दोन्हीकडे वेगवेगळं लिहीत बसलात की फिरून तेच भूत हजर.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. 'आजी, नोकरीच्या जाहिरातीत ब्लॉक येतं का, रिव्हरपॉड येतं का, हे विचारतात. सेटस्टेट येतं का असं कुणी विचारत नाही.' खरं आहे. दहा जण मिळून पन्नास पडद्यांचं ॲप लिहितात तेव्हा शिस्त लागतेच, कुणी काय आणि केव्हा बदललं याची नोंदही लागते. ब्लॉकमध्ये घटना वेगळी आणि तिच्यातून निघालेली स्थिती वेगळी ठेवतात. आपल्या जमाखर्चातल्या रोजकीर्द आणि खतावणीसारखंच ते मला वाटतं, आणि त्याचा मला आदरच आहे. पण ज्याला हाताने रोजकीर्द लिहिता येत नाही त्याला टॅलीपुढे बसवलं तर तो कळा दाबायला शिकतो, हिशेब शिकत नाही. आणि पाट्या बदलत राहतात. गूगलच्या मंडळींनी २०१९ च्या त्यांच्या परिषदेत प्रोव्हायडरची शिफारस केली, आणि पुढे प्रोव्हायडर लिहिणाऱ्याच माणसाने रिव्हरपॉड आणलं, नावसुद्धा त्याच इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून! रेडक्सच्या एका कर्त्याने तर २०१६ मध्येच लेख लिहून सांगितलं होतं, की तुम्हाला कदाचित रेडक्सची गरज नसेल. साधन करणारा इतकं मोकळेपणी सांगतो, आणि आपल्या शिकवण्या पहिल्या दिवसापासून तेच गळ्यात बांधतात.

म्हणून माझा सल्ला असा. संगणक उघडण्याआधी कागद घ्या. ॲपला काय काय लक्षात ठेवायचंय ते एकाखाली एक लिहा. दुसऱ्यावरून काढता येण्यासारखं जे असेल त्यावर काट मारा. उरलेल्या प्रत्येकापुढे लिहा, हे कुणाला लागतं, आणि उद्या लागणार का. आमच्या बचत गटाच्या ॲपची ही यादी केली तेव्हा सोळा गोष्टींमधल्या सात काट मारून गेल्या. उरलेल्या नऊपैकी पाच आपापल्या पडद्यापुरत्या होत्या. सांभाळायच्या उरल्या फक्त चार. चार गोष्टी कुणालाही सांभाळता येतात.

ब्लॉक नातीने तेव्हाच काढून टाकलं होतं. पुढे कर्जाचा आणि व्याजाचा पडदा आला, तीच यादी चार पायऱ्या खाली हाताने पोचवताना ती कंटाळली आणि एके दिवशी आपणहून म्हणाली, "आजी, आता मला प्रोव्हायडर हवंय." अर्ध्या दिवसात बसलं. कुठलंही साधन घ्यायची खरी वेळ हीच. आपण कशाला कंटाळलोय हे आपल्याला नेमकं सांगता आलं पाहिजे.

असो. गटातल्या बायका अजूनही दर बैठकीत वही आणि मोबाईल शेजारी ठेवून ताडून बघतात. बघू देत. हिशेबाला ती सवय चांगलीच.