मूठ तुमची, मग हात दुसऱ्याचे का?

राजस्थानात पोस्टिंग झाल्यापासून रोज पाहतोय. इथल्या उन्हात मोटारसायकलची रबरी मूठ आधी चिकट होते, मग तिला भेगा पडतात. आणि आपले गडी काय करतात? वरून फोमचं कव्हर चढवतात! माझा याला ठाम विरोध आहे. सैल मुठीवरचं कव्हर म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी.

‘सुट्टीत मेकॅनिक बघेल’ म्हणणाऱ्यांना विचारतो, रायफल साफ करायला दुसऱ्याकडे देता का? हे अर्ध्या तासाचं घरचं काम आहे. जुनी मूठ ब्लेडने चिरून काढा. उजवीकडे जपून, आत रेसची प्लास्टिकची नळी असते. म्हणूनच उजव्या मुठीचं भोक मोठं असतं. डावी-उजवी अदलाबदल चालत नाही. दांडी आणि नळी स्पिरिटने पुसा, मुठीत थोडं स्पिरिट टाकून ती झटक्यात सरकवा. स्पिरिट उडून जातं, रबर घट्ट धरतं. मेकॅनिकने तेल किंवा ग्रीस काढलं तर तिथेच थांबवा. तेल उडत नाही, मूठ हातात फिरत राहते.

उजवी मूठ स्विचच्या डब्याला घासता कामा नये. बारीक फट ठेवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, रेस सोडताच आपोआप मागे आलीच पाहिजे. ती घाटात अडकली तर तुम्ही ब्रेक दाबणार आणि इंजिन पुढे ढकलणार. रात्रभर सुकू द्या, मगच गाडी काढा.

सीमेवर सांभाळलेला जीव गावच्या रस्त्यावर रबराच्या तुकड्यापायी घालवू नका, मित्रांनो.