भिडूची दुर्री काय सांगते

मेंढीकोटावर वाढलेला खेळाडू ब्रिजच्या टेबलाशी बसतो तेव्हा एक सवय सोबत आणतो. भिडूनं जो रंग उतरला, तोच आपल्याला हात मिळताच परत खेळायचा. वणीपासून उमरखेडपर्यंत आपल्याकडचे बहुतेक पत्तेवाले याच वाटेनं आलेले. हुकुमाच्या डावात ही सवय फार नडत नाही. नो ट्रम्पमध्ये मात्र ती डाव घालवते. तिथं कापायला हुकूम नसतो. ज्याचे हात आधी मोकळे होतील तो जिंकतो, आणि चुकीच्या रंगात गेलेली एक खेळी पुन्हा मिळत नाही.

पत्ते काढा आणि हा डाव समोर मांडा. दक्षिणेनं एक नो ट्रम्प बोललं आहे, म्हणजे 15 ते 17 पॉइंट. उत्तरेनं थेट तीनवर नेलं. तुम्ही पूर्वेला आहात. पश्चिमेचा तुमचा भिडू इस्पिक दुर्री उतरतो. डमी उघडते: इस्पिक सत्ती-तिर्री, बदाम अठ्ठी-छक्की-तिर्री, चौकट राजा-राणी-गुलाम-दश्शी-पंजी, किलवर एक्का-गुलाम-चव्वी. तुमच्याकडे इस्पिक एक्का-नव्वी-पंजी, बदाम राजा-गुलाम-दश्शी-चव्वी, चौकट एक्का-छक्की-दुर्री, आणि किलवरची तीन हलकी पानं. पहिला हात तुम्ही एक्क्यानं घेतला. आता काय खेळाल?

सवय म्हणते, इस्पिक. पण त्या दुर्रीकडे नीट बघा. नो ट्रम्पविरुद्ध आपण लांब रंगातलं वरून चौथं पान उतरतो. दुर्रीच्या खाली पान नाही, म्हणजे भिडूकडे इस्पिकची चारच. त्याची 4, तुमची 3, डमीची 2; उरलेली 4 दक्षिणेकडे. भिडूचा रंग लांब नाहीच. आता पॉइंट मोजा: डमीचे 11, तुमचे 12, दक्षिणेचे किमान 15. भिडूकडे राहिले फार तर 2. इस्पिक राजा त्याच्याकडे असूच शकत नाही. त्या रंगात वेळेवर काही पिकणार नाही.

करार बुडवायला 5 हात हवेत. इस्पिक एक्का मिळाला, चौकट एक्का मिळेल. बाकीचे तीन बदामातूनच येऊ शकतात, आणि तेही भिडूचे दोन पॉइंट म्हणजे बदाम राणी असेल तर. मग ती त्याच्याकडे आहे असं धरूनच खेळायचं. दुसऱ्याच हाताला बदाम चव्वी! रंग बदलताना लहान पान टाकलं की भिडूला कळतं, इथं आपल्या माणसाकडे मोठी पानं आहेत, हात मिळाला तर हाच रंग परत खेळायचा. मोठं फुटकळ पान टाकलं असतं तर अर्थ उलटा झाला असता.

दक्षिणेकडे इस्पिक राजा-राणी-गुलाम-चव्वी, बदाम एक्का आणि दोन लहान, चौकटची दोन, किलवर राजा-राणी आणि दोन लहान अशी पानं होती. इस्पिकचे 3, बदामचा 1, किलवरचे 4, असे त्याचे आठ हात तयार. नवव्यासाठी त्याला चौकट काढावीच लागते. पहिल्याच चौकटीवर एक्का मारा, एकदाही सोडू नका. सोडलात तर तोच त्याचा नववा हात. मग बदाम वसूल करा, करार एकानं बुडतो. उलट, दुसऱ्या हाताला इस्पिक परत केलं असतं, तर चौकट एक्क्यानंतर सुचलेलं बदाम कामाचं नव्हतं. त्यानं एक्का घालून चौकटचे चार हात आरामात मोजले असते.

माझी तक्रार शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. नवख्यांना महिनोन्‌महिने बोली शिकवतो आणि बचाव एका दुपारीत उरकतो. पण सरासरीनं चारपैकी एका डावात आपण डिक्लेअरर असतो, एकात डमी, आणि दोन डावांत बचावाला. अर्धा खेळ आपण शिकवतच नाही.

खुणा तशा मोजक्याच आहेत. भिडूच्या रंगात मोठं पान टाकलं तर 'चालू ठेव', लहान टाकलं तर 'दुसरं बघ'. डिक्लेअररच्या रंगात आधी मोठं मग लहान, म्हणजे सम पानं. नो ट्रम्पसाठी खास अशी स्मिथ खूण 1963 मध्ये ब्रिटनमध्ये मांडली गेली: डिक्लेअररच्या पहिल्या रंगात मोठं-लहान टाकून पहिल्या उतारीबद्दलची पसंती कळवायची. ती उपयोगाची आहे, पण वरच्यासारखी मोजणी अंगवळणी पडेपर्यंत नवख्याला देऊ नये. न मोजणाऱ्याच्या हाती खूण गेली की तो विचार करणं सोडतो आणि खुणेचीच वाट बघत बसतो.

मेंढीकोटात खूण म्हणजे लबाडी, म्हणून आपल्याकडचे कित्येक सज्जन खेळाडू या साऱ्यापासून बिचकतात. त्यांचा संकोच मला मोलाचा वाटतो, पण तो इथं गैरलागू आहे. ब्रिजमध्ये टाकलेलं पान बोलू शकतं. डोळा, सुस्कारा, पान टाकायला लावलेला वेळ, यांनी बोलायचं नाही. 1975 च्या बर्म्युडा विश्वस्पर्धेत भिडूंच्या मध्ये पडदे लावले होते, तरी एका जोडीवर टेबलाखालून पायानं खुणा केल्याचा ठपका आला. मग खालीही आडोसा आला. पानांच्या खुणा मात्र विरोधकांपासून लपवता येत नाहीत. त्यांनी विचारलं की आपसात काय ठरलं आहे हे सांगणं नियमानं बंधनकारक आहे. आपल्या बैठकांमध्ये ही विचारपूस फारशी होत नाही. पुढच्या वेळी पानं वाटण्याआधी समोरच्या जोडीला विचारा: तुमच्यात मोठं पान म्हणजे हो, की नाही?