पाळणाघराची पारख

लातूर आणि नांदेड या शहरांना मराठवाड्याबाहेर जी प्रतिष्ठा लाभली, ती शिक्षणामुळे. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द तर महाराष्ट्रात म्हणीसारखा रूढ झाला. अकरावीच्या प्रवेशासाठी येणारा पालक शिक्षक कोण, गतवर्षीचा निकाल काय, याची कसून चौकशी करतो आणि मगच शुल्क भरतो. परंतु याच शहरांतील नोकरदार दांपत्यापुढे दीड वर्षाचे मूल दिवसभर कोणाच्या हाती सोपवावे हा प्रश्न येतो, तेव्हा निवड होते ती बहुधा घराजवळच्या पहिल्या पाटीची. सतरा वर्षांचा मुलगा आपली तक्रार स्वतः सांगू शकतो; तान्ह्या लेकराला ती सांगता येत नाही. जेथे चिकित्सा अधिक हवी, तेथेच ती कमी व्हावी, ही विसंगती गंभीर आहे.

आजीची ओसरी हेच एके काळी मुलांचे पाळणाघर होते. आता शिक्षिका, परिचारिका, लिपिक बदलीच्या गावी दोन खोल्यांत राहतात आणि आजी-आजोबा कंधार, मुखेड, औसा, निलंग्याकडे शेती सांभाळतात. अशा घराला पाळणाघर ही चैन नव्हे, गरज आहे. गरजेच्या घाईत पारख मागे पडते आणि रंगविलेल्या भिंती, इंग्रजी नाव व खेळण्यांची रास यांवरून दर्जा ठरविला जातो.

2016 च्या नोव्हेंबरात नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात आयाने दहा महिन्यांच्या बालिकेला अमानुष मारहाण केली. कॅमेऱ्यातील चित्रणाने तो प्रकार उघड झाला आणि सारा महाराष्ट्र हादरला. कॅमेरा हवा, यात शंका नाही. मात्र तो घडलेले दाखवितो. घडणारे टाळतो असे नव्हे. खरी पारख करावयाची ती सांभाळणाऱ्या हातांची. एका बाईकडे किती मुले आहेत? ती तेथे किती दिवस टिकून आहे, की दर महिन्याला नवा चेहरा दिसतो? रडणाऱ्या मुलाला ती उचलून घेते, की दटावते? आईवडिलांना न कळविता, कोणत्याही वेळी आत येण्याची मुभा आहे काय? पहिले काही दिवस आईला मुलाजवळ बसू दिले जाते काय? या शेवटच्या दोन प्रश्नांना जेथे नकार मिळेल, तेथून परत फिरणेच शहाणपणाचे.

स्थानिक परिस्थितीचेही काही प्रश्न आहेत. 2016 साली ज्या लातुराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पिण्याचे व हात धुण्याचे पाणी कोठून येते, हे विचारणे अगत्याचे आहे. मराठवाड्याच्या वैशाखात पत्र्याच्या छपराखाली तान्ही मुले दुपारभर निजविणे धोक्याचे, हे तर सांगावयासही नको.

मुलांच्या संगोपनास भपका लागत नाही, हे महाराष्ट्रात फार पूर्वी सिद्ध झाले आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने, परिसरात मिळणाऱ्या साध्या साधनांवर बालशिक्षण उभे केले. थोरल्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यापायी शाळेला मुकतात, हे ध्यानी घेऊन त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ घडविली. तेथे साधने साधी होती. माणसे मात्र जाणती होती.

परंतु निवडीचा उपदेश ज्याला निवड आहे त्यालाच करता येतो. डाळगिरणीत धान्य निवडणाऱ्या किंवा बांधकामावर विटा वाहणाऱ्या मजूर स्त्रीपुढे कोणते पर्याय असतात? 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा मिळाली. ज्यांच्या पटावर पन्नास माणसे नाहीत, ती दुकाने, खाजगी शिकवण्या आणि लहान गिरण्या यातून सुटल्या. 1975 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची अंगणवाडी घरोघरी परिचित आहे. पण ती काही तासांची, आणि आईचे काम दिवसभराचे. 2022 पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची तरतूद आहे. ती मराठवाड्यातील कामकरी वस्त्यांपर्यंत पोचावी, हा आग्रह लोकप्रतिनिधींकडे धरावयास हवा.

2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच मुले असल्यास त्यांना सांभाळण्यास एक स्त्री नेमावी आणि तिला मजुरी द्यावी, असे ठरविले होते. मुले सांभाळणे हेही काम आहे, हे त्यातून मान्य झाले. पाळणाघरातील बाईला मात्र अनेकदा सर्वांत कमी वेतन आणि सर्वांत कमी प्रशिक्षण मिळते. पालकांनी चौकशी करताना तिच्या वेतनाचीही करावी. जिच्या हाती मूल सोपवावयाचे, तिची आबाळ करून मुलाची काळजी घेतली जाईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.