होडीला पट्टी लावली की पेट्रोल वाचतं? आधी काट्यावर मोजा

एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. मच्छीमारांना शेतकऱ्यांसारखं कर्ज, विमा मिळायची वाट मोकळी झाली. हातात पैसा आला की ‘इंधन वाचवा’ म्हणत वस्तू विकणारेही येणार. होडीच्या मागच्या काठाला बसवायची ट्रिम टॅबची पट्टी त्यातलीच एक.

ही पट्टी काम करते, पण वेगात! ती मागची बाजू उचलते, नाक खाली आणते. फायदा मुख्यतः पाण्यावर घसरत धावणाऱ्या बोटीला. 6 मीटरची साधी होडी ताशी साधारण 11 किमीच्या आत पाणी कापतच चालते. तिथे पट्टीमुळे ओढ उलट वाढूही शकते. परभणी जिल्ह्यातल्या येलदरी जलाशयात जाळं टाकताना एवढा वेग लागतो कुठे?

मग चाचणी कशी करायची? लांब दोरीने दुसऱ्या होडीमागे आपली होडी ओढा. दोरीत स्प्रिंगचा काटा, मोबाईलवर जीपीएस. वजन तेच, वेग तोच. वारा-प्रवाहाचा परिणाम कमी करायला जाताना आणि येताना दोन्ही आकडे घेऊन सरासरी काढा. आधी पट्टीशिवाय, मग पट्टीसह. विल्यम फ्रूडने 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये जहाजांची मॉडेल्स अशीच ओढून मोजली होती.

काटा कमी दाखवत नसेल तर पैसे खिशातच ठेवा. आणि तळाचं शेवाळ आधी घासा. हळू चालणाऱ्या होडीला घर्षणच जास्त अडवतं, आणि हा उपाय फुकट आहे.