उजनीकाठचा हिवाळा आणि कॅमेरा

थंडी पडू लागली, की पुणे-सोलापूर महामार्गावर पहाटेच्या अंधारात एक निराळीच वर्दळ सुरू होते. लांब भिंगांच्या पिशव्या सांभाळीत हौशी छायाचित्रकार भिगवण, डिकसळ, कुंभारगावाच्या वाटेला लागतात. हा छंद उत्तम आहे. मात्र ज्या जागी तो जोपासला जातो, ती कोणाची, याचा विसर पडू नये.

१९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेकाठची गावे आणि सुपीक जमीन पोटात घेतली. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी फार उतरले, की आजही वर येते. जलाशय ओसरताना उघड्या पडणाऱ्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात आणि लगतच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. छायाचित्रकाराला जो देखावा वाटतो, ते कुणाचे शेत, कुणाचे मासेमारीचे पाणी आणि पाखरांचे भरले ताट असते.

आक्षेप आहे तो एका विशिष्ट हट्टाला. रोहिताच्या पंखांतील लाल-काळा रंग तो उभा असताना फारसा दिसत नाही, उडताना झळकतो. साहजिकच प्रत्येकाला उडता थवा हवा असतो. मग होडी आणखी जवळ नेण्याचा आग्रह होतो, टाळ्याही वाजतात. रोहित चोच उलटी धरून चिखलपाण्यातून सूक्ष्म शेवाळ व जीव गाळून खातो. हे काम संथ, तासन् तास चालणारे. उडण्यासाठी त्याला पाण्यावर धावत जावे लागते. एका सकाळी थवा वारंवार उठवला, तर खाणे थांबते आणि अंगातली शक्ती खर्ची पडते. हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकादंबालाही परतीच्या प्रवासाची शिदोरी येथेच बांधायची असते. त्याचे उड्डाण सात हजार मीटरहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहे. टाळ्यांनी त्याची परीक्षा घेण्याचे कारण नाही.

दोष नावाड्यावर ढकलणे सोपे आहे. पण भाडे मोजणाऱ्यानेच हट्ट धरला, तर त्याने काय करावे? यांतील अनेक जण मूळचे मासेमार. चिलापीच्या जाळ्यावर चालणाऱ्या घराला हिवाळ्यातील ही मिळकत मोलाची असते. (लाखाचे भिंग घेणारे गृहस्थ शंभर रुपयांसाठी घासाघीस करतात, हे अनाकलनीयच!) ‘दूर थांबा, थवा उठवू नका’ असे गिऱ्हाईकाने निघतानाच सांगितले, तर वल्हे थांबते, आणि होडी स्थिर राहिली, तर चरता चरता पक्षी पुष्कळदा आपणहून जवळ सरकतात.

ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते, दूरची चित्रे धूसर येतात. तेव्हा कॅमेरा मिटून काठावरच्या शेताकडे वळावे. मालकाला विचारून आणि बांधावरूनच, कारण ओल्या गाळात बुटाखाली आलेला अंकुर पुन्हा उभा राहत नाही. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी जलाशय काठोकाठ राहतो आणि रोहित उशिरा येतात. यंदा पाणी केव्हा उतरेल, हे बांधावरच्या शेतकऱ्याला विचारावे. त्याची पेरणीही त्यावरच अवलंबून असते.