पळता न येणाऱ्याची लढाई

दिवाळीच्या चिवड्याचे पोहे चाळताना त्यांच्या पूर्वजन्माची चौकशी आपण सहसा करीत नाही. मीही केली नसती. पण यंदा भाद्रपदात माझ्या वर्गातला एक मुलगा आठवडाभर दिसला नाही. आल्यावर कारण विचारले, तर खाली मान घालून म्हणाला, "सर, बांधीत गाद आली."

साकोलीत राहून 'गाद' हा शब्द ऐकला नाही असे कसे होईल? पण पाहिलेली मात्र नव्हती. रविवारी त्याच्या गावी गेलो. वडील धुऱ्यावर बसले होते. त्यांनी धानाचे एक रोप उपटून माझ्या हाती दिले. मधल्या पोंग्याच्या जागी कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी! गादमाशी म्हणजे डासाएवढा जीव. तिची अळी कोंबात शिरते आणि जिथून लोंबी यायची तिथून ही नळी येते. दाणा नाहीच.

"सर, बाजूच्या बांधीत दुसरं धान हाय, तिथं एक नळी नाही. माशी तं दोन्हीकडं उडते. धानाले काही समजते का?"

वर्गात मी झाडांना आजवर 'स्थितप्रज्ञ' म्हणत आलो. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्याला गाठले, तासभर ऐकले आणि ते विशेषण मागे घेतले.

आपल्याला रोग झाला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिपायांसारख्या धावून जातात. झाडाला रक्त नाही, फिरते शिपाई नाहीत आणि पळून जायची तर सोयच नाही. म्हणून त्याच्या प्रत्येक पेशीला आपला पहारा आपणच करावा लागतो. पेशीच्या आत काही प्रथिने पहारेकऱ्यासारखी बसलेली असतात. शत्रूची चाहूल लागली की ती काय करतात, हे २०१९ साली चिनी शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपात दाखवले. पाच पहारेकरी एकत्र येऊन चाकासारखे कडे करतात. २०२१ साली पुढचे कळले. हे कडे पेशीच्या पडद्याला भोक पाडते, त्यातून कॅल्शियम आत घुसते आणि पेशी मरते. शत्रूला पाय पसरायला जागा उरत नाही. गादमाशीला दाद न देणाऱ्या धानाच्या काही वाणांतही असेच दिसते. अळी लागलेल्या जागच्या पेशी तपकिरी होऊन मरतात, अळीही तिथेच मरते आणि रोप वाचते.

हे मी पुढच्या खेपेला त्या घरी सांगितले. वडील थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हणजे एकजण मरते, तवा बाकीचे जगतात."

मुलगा मात्र तरुण. तो म्हणाला, "मग सगळ्यांनी ते बाजूचंच वाण लावावं, सर!"

इथेच खरी मेख आहे. १९७० च्या दशकात आयआर-८ आणि थायलंडचे सियाम-२९ यांच्या संकरातून 'फाल्गुना' नावाचे वाण निघाले. त्यापुढे गादमाशीचे काही चालेना. पण १९८० च्या दशकात आंध्रातल्या श्रीकाकुळम भागात माशी याच फाल्गुनावर पोसू लागली. चोराने वेष बदलला होता! आज भारतात गादमाशीचे असे ७ प्रकार नोंदलेले आहेत. साऱ्या मुलखाने एकच पहारेकरी नेमला, की चोराला तेवढ्या एकालाच चकवावे लागते.

मग नवा पहारेकरी आणायचा कुठून? तो बहुतेक वेळा जुन्या धानातच सापडतो. सियाम-२९ काय किंवा वरंगळच्या संशोधकांनी हाताशी धरलेले ईश्वरकोरा काय, ही शेतकऱ्यांनी जपलेली जुनी वाणे. आमच्या साकोलीतही कृषी संशोधन केंद्र आहे. 'साकोली-८' हे धान आमच्या गावाचे नाव मिरवते. पण कोणत्याही केंद्रातल्या विद्वानाला संकर करायचा तर आधी कुणीतरी जुने बी राखलेले असावे लागते.

त्या घरी आजी आहेत. बांधीच्या एका कोपऱ्यात त्या दरसाल लुचई लावून घेतात. "सणाले लुचईचाच भात पायजे," एवढेच त्यांचे शास्त्र. उतारा कमी, म्हणून पुढल्या सालापासून तो कोपरा मोडायचा बेत चालला होता. त्या लुचईत गादमाशीला अडवणारा पहारेकरी आहे, असे मी म्हणालो नाही. मला ते ठाऊक नाही. एवढेच म्हणालो, "भाऊ, बी एकदा संपले की ते असेल-नसेल हा प्रश्नच संपतो."

भाऊ काही बोलले नाहीत. यंदा त्यांच्या घरी धान निम्मेच येणार आहे; अशा माणसाला कोपरा राखण्याचा उपदेश करणे मला सोपे होते, त्यांना ऐकणे नव्हे.

सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी मुलगा सांगून गेला, "सर, आजीनं लुचईचं बी मडक्यात भरून ठेवलं. बाबांनीच मडकं आणून दिलं."