पाचगावाने सोडलेली कमाई



दिवाळी अंक कागदावर निघतो, आणि आपल्या देशात कागदासाठी अनेक दशके बांबू तुटत आला आहे. म्हणून यंदा ही जागा गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलाला द्यावीशी वाटली.

बांबू हे खरे तर गवत. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब वर येतात. विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात. कोवळे राखून पक्के बांबू तेवढे काढले, तर बेट वर्षानुवर्षे देत राहते. ओरबाडले की खंगते. पिढ्यान्‌पिढ्या हे जाणणाऱ्या गावांना बांबू विकता मात्र येत नव्हता, कारण 1927 च्या वन कायद्याने त्याला झाडांत बसवले होते. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज, म्हणजे गावांना गोळा करून विकता येणारे उत्पन्न, म्हटले. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. एका परवानापुस्तकासाठी!

त्याहून मोठी गोष्ट आम्हाला गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाची वाटते. 2012 मध्ये हक्क मिळाल्यावर या गावाने बांबूविक्रीतून गावातच रोजगार उभा केला. आणि बिडीसाठीच्या तेंदूपत्त्याची तोडणी बंद केली. ऐन उन्हाळ्यात हातात रोकड देणारा हा हंगाम. पण त्यापायी झाडे छाटली जातात, कोवळी पाने फुटावीत म्हणून जंगलात आगी लावल्या जातात. हे नुकसान ग्रामसभेने तोलले आणि आपणहून ती कमाई सोडली. असा निर्णय मालकी असणाराच घेऊ शकतो. ठेकेदाराच्या मजुराला तो घेता येत नाही. त्याने नकार दिला तर दुसरा मजूर येतो.

गरिबांच्या हाती जंगल दिले की ते विकून खातील, हे आपण शहरात बसून फार ऐकले, आणि खरेही मानले. पाचगावाने ते खोटे ठरवले आहे.

वाचकहो, दिवाळीला गावी जाल. गावाच्या हद्दीत जंगल असेल, तर सामूहिक वनहक्काचा दावा दाखल झाला आहे का, हे विचारा. नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत तो विषय मांडायला लावा.

शुभ दीपावली.